बिब्बा उतला आणि पोलीस आले

ती फिर्याद आठवली की मला आजही हसू येतं. त्या दिवशी मात्र एका निरपराध बाईवर गुन्हा दाखल व्हायची वेळ आली होती.

नारायण पेठेतल्या एका सोसायटीतून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "शेजारच्या आजींच्या गुडघ्यांवर सुनेने ॲसिड ओतलंय. माझं नाव विचारू नका." असे लोक नाव सांगत नाहीत, पण पोलिसांची गाडी आली की गॅलरीत सर्वांत पुढे तेच उभे असतात.

महिला हवालदारांना घेऊन मी गेलो. आजींचे दोन्ही गुडघे सुजून काळे पडलेले, फोडांनी भरलेले. सून रडवेली झाली होती. "अहो साहेब, मी काही केलं नाही हो! दवाखान्यात चला म्हणून सकाळपासून मीच मागे लागलेय." दारात शेजारणी जमल्या. आजी मात्र जबाब घ्यायला गेलं की भिंतीकडे बघत. त्यांचं मौन सुनेला भोवणार, हे उघड होतं.

मी गुडघे पुन्हा नीट पाहिले. ॲसिड ओतलं तर ओघळ उठतात. इथे फोडांच्या मधोमध काळे ठिपके होते, तेही ओळीने. लहानपणी माझा पाय मुरगळला तेव्हा आईने असेच दिले होते. बिब्ब्याची बी सुईला टोचायची, दिव्यावर धरायची आणि सुटलेल्या तेलाचे ठिपके द्यायचे.

"आजी, बिब्बा कधी लावलात?"

"लावला असेल. तुम्हाला काय करायचंय?"

सगळा उलगडा झाला. सोसायटीत कुणाचं काही दुखलं की सगळे औषध आजींनाच विचारायचे, हे शेजारणींच्या बोलण्यातून कळलं होतं. त्यांचाच बिब्बा त्यांच्याच अंगावर उतला, हे चारचौघींत सांगण्यापेक्षा त्यांना पोलीस परवडले होते.

"आजी, तुम्ही बोलला नाहीत, तर सूनबाईंना ठाण्यात न्यावं लागेल."

आजींनी सुनेकडे पाहिलं आणि दाराकडे वळून आवाज चढवला. "ऐका गं सगळ्या! बिब्बा मीच लावला. दुखणं थांबेना म्हणून परत परत लावला. चुकलं माझं. झालं समाधान? आता घरी जाऊन कुकर लावा!"

सून रडता रडता हसली आणि आजींना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी बजावलं, की बिब्बा जहाल असतो, काहींना जरासुद्धा सोसत नाही. वैद्यसुद्धा तो शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, तेव्हा घरी प्रयोग नकोत.

पुढे माझ्यासमोर कुणी साक्षीदार गप्प बसला, की "कुणाची भीती वाटते?" हा प्रश्न मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, "कुणाची लाज वाटते?"