उसना कान

निवृत्तीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावून बसलो होतो. सकाळी दात घासता घासता कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... त्याला आता सव्वा महिना झाला. कामशेतच्या बाजारपेठेत त्यांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस भलता तिरसट. गिऱ्हाइकानं ‘लॅपटॉप लय हळू चालतो’ म्हटलं की म्हणायचे, “तुमी तरी कुटं पळताय?”

पॅराग्लायडिंगला येणाऱ्या पाहुण्यांचे व्हिडिओ करून देणं हा माझा धंदा. काम जड झालं की माझा नवा लॅपटॉप डासासारखा बारीक, चिरका आवाज काढायचा. पुण्यात एकानं सरळ बोर्ड बदलायला सांगितलं होतं. भाऊंनी आधी व्हिडिओ एक्सपोर्टला लावायला लावला. आवाज सुरू झाल्यावर पंखा क्षणभर बोटानं थांबवला, आवाज तसाच. चार्जर काढला, तरी तसाच. मग रसवंतीतली स्ट्रॉ कानाला लावून तिचं दुसरं टोक बोर्डावर फिरवत डाळीएवढ्या एका कॉइलपाशी थांबले. “ही कण्हती बघ. जोर पडला की थरथरती. भिऊ नको, मरत न्हाई.” शेतपंपाच्या मोटारींचं वाइंडिंग भरताना वापरायचं ते वार्निश थेंबभर तिथं सोडलं, वाळू दिलं. आवाज थांबला आणि आमची दोस्ती सुरू झाली.

पुढं एकदा त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. टेबलावर कुणाचातरी लॅपटॉप उघडा होता. “आवाज येतोय का रं?” “येतोय की, भाऊ.” त्यांनी कानाची स्ट्रॉ खाली ठेवली. “मला न्हाई येत.” नवलाख उंबरेच्या कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काढलेल्या वर्षांनी कान खाल्ले होते. बारीक आवाज आधी गेले. “कुनाला बोलू नको. तू येत जा, आन् फकस्त खरं सांग.” तेव्हापासून असं काम आलं की ते फोन करायचे, मी जायचो. मला त्याचा अभिमानच वाटायचा.

मग माझ्याच लॅपटॉपचा आवाज परत आला. भाऊंनी तो तीनदा उघडला, तीनदा वार्निश लावलं. दर वेळी ‘अजून येतोय’ म्हणून मी मान हलवत होतो. चौथ्यांदा पिळताना स्क्रू दोनदा त्यांच्या हातून निसटला, टेबलाखाली वाकून शोधावा लागला. मला बघवेना. म्हणालो, “आवाज गेला, भाऊ, साफ गेला.” आवाज कानाशी स्पष्ट चालू होता. ते हसले, चहा सांगितला. मी चहा पीत असताना ते मोबाइल लॅपटॉपपाशी धरून काहीतरी बघत होते.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. काम कमी झालं असेल, असं मी धरून चाललो. दोन महिन्यांत त्यांनी दुकान बंद केलं, म्हणाले कंबर धरते.

परवा त्यांच्या मुलीनं भाऊंचा मोबाइल माझ्या हातात दिला. “दादा, यातलं दुकानाचं काय ठेवायचं ते बघ ना.” आवाजाचा आलेख काढणारं एक ॲप होतं त्यात. जतन केलेले दोनच आलेख, दोन्ही माझ्या नावाचे, त्या चहाच्या दिवसाचे. एक लॅपटॉप उघडण्याआधीचा, एक मी ‘गेला’ म्हटल्यानंतरचा. दोन्हींत एकाच जागी त्या चिरक्या आवाजाची तीच उंच रेघ उभी होती.

“काय आहे ते?” तिनं विचारलं. मी ॲप बंद करून मोबाइल तिला परत दिला. मला त्यांची कीव आली होती. त्यांनी मात्र मला एवढंच विचारलं होतं, आवाज येतोय का.