उजव्या हातावरची खूण

मालिकांमधली माणसं मारायचं काम मेकअपवाल्या मावशी सव्वीस वर्षं करत होत्या. बुडालेल्याचे ओठ वेगळे, विष घेतलेल्याचे वेगळे, आणि याबाबतीत त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत. मढं तयार झालं की त्याचा गालगुच्चा घेऊन म्हणत, "जा बाळा, छान मर."

या धंद्यात नवखा माणूस एक चूक हमखास करतो. समोरच्या आरशात बघत काम करायला जातो आणि डाव्या हातावरची जखम उजव्यावर काढून बसतो. मावशी आधी नटाचा हात हातात घ्यायच्या, "हा तुझा डावा ना?" असं विचारायच्या आणि मगच ब्रश उचलायच्या. त्यांचं डावं-उजवं चुकलंय, असं कधी कुणी पाहिलं नव्हतं.

नवी मालिका रहस्यकथेची होती. मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलात एक मुलगी खोलीत मेलेली सापडते, दंडाखाली इंजेक्शनची खूण, आणि वर्गातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे संशयाने बघतो. ही खूण काढायची होती डाव्या हातावर. आता शेवट काय ते लेखकाने पोटात ठेवायला हवं होतं, पण तो पडला तोंडाचा सैल. शूटिंगच्या सकाळी मेकअपच्या खोलीत चहा पिता पिता त्याने सगळं ओकून टाकलं. खुनी कुणीच नाही. मुलगी नापास झालेली असते, तिनेच स्वतःला टोचून घेतलेलं असतं. उजव्या हाताने लिहिणारी मुलगी, म्हणून खूण डाव्या हातावर. बघणारे कसे चाट पडतील, असं म्हणून तो स्वतःवरच खूश झाला.

मावशींच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांची लेकही मेडिकलला होती आणि दुसऱ्या वर्षाला नापास होऊन दोन महिने घरी बसली होती. पुस्तकाला हात नाही, मैत्रिणींचे फोन घेणं नाही, जेवायला हाक मारली तर दोन घास. एवढ्यात एकदाच तिचे डोळे चमकले होते, या मालिकेचं नाव निघालं तेव्हा. खुनी मी आधी ओळखणार, असं ती म्हणाली होती. आपली पोर एक एक भाग बघणार, आणि शेवटी तिच्या पुढ्यात हे येणार. 

मढं होणारी नटी येऊन बसली. मावशींनी तिचा हात हातात घेतला, या वेळी काही विचारलं नाही, आणि उजव्या हातावर झकास खूण काढली. दिवसभर शूटिंग झालं. खुणेचं अगदी जवळून चित्रण झालं, लोकांनी वाहवा केली.

चूक सापडली चौथ्या दिवशी. तोवर हॉस्टेलची खोली मोडून तिथे कोर्ट उभं राहिलं होतं आणि नटी दुसऱ्या कामाला परगावी गेली होती. दिग्दर्शकाने सगळ्यांदेखत मावशींना फैलावर घेतलं. मावशी खाली मान घालून म्हणाल्या, आरशात बघत काढली, घोटाळा झाला. वय झालं, दुसरं काय. लेखकाने कपाळावर हात मारला आणि शेवट नव्याने लिहायला घेतला. पुढच्या मालिकेसाठी मावशींना बोलावणं आलं नाही.

घरी त्यांनी लेकीला एवढंच सांगितलं, की खुणेचं डावं-उजवं चुकलं म्हणून काम गेलं.

शेवटचा भाग दोघींनी संध्याकाळी शेजारी बसून पाहिला. खुनी वर्गमित्र निघाला. उजव्या हाताने लिहिणारी मुलगी उजव्याच हातात कशी टोचून घेईल, हे लेकीने पहिल्याच भागात ओळखलं होतं. पण आता ती जिंकल्यासारखी हसली नाही. तिने आवाज बंद केला.

"तू डावं-उजवं चुकत नाहीस, आई. आधी काय होता शेवट?"

मावशींना खोटं सुचेना. त्यांनी सांगून टाकलं. लेक आईकडे वळली.

"तुला माझ्या जिवाची भीती वाटते?"

"वाटते. बाजारात गेले तरी धावत परत येते मी."

"आलं होतं गं मनात," लेक म्हणाली. "दोनदा."

मावशींनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. रडायचं नाही, असं त्या स्वतःला बजावत होत्या. "परत आलं तर आधी मला सांगायचं. मी कामावर असले, कुठेही असले, तरी फोन करायचा. उद्या आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ."

लेकीने मान हलवली. मग नाक पुसत म्हणाली, "पण तुला काम कुठाय आता?"

मावशींना हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच इतका वेळ अडवलेलं रडू बाहेर आलं. लेकीने त्यांना जवळ घेतलं.