बैलाच्या कपाळावरचा तारा

नाशिकहून निघालेली एस.टी. कसारा घाट उतरायला लागली तरी मी मनातल्या मनात आईशी भांडतच होते. निघताना ती म्हणाली होती, "कशाला जातेस उकिरडे फुंकायला? त्या माणसाची मेडलं बघून तुला काय मिळणार आहे?"

'तो माणूस' म्हणजे तिचे वडील. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, पण वडिलांना ती कधी बाबा म्हणाल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या महायुद्धात आजोबा पलटणीबरोबर गेले तेव्हा ती तान्ही होती. ते तिकडे असतानाच आजी तापाने गेली आणि आईला आजोळी नेलं. तिथे तिला सांगितलं गेलं, की बाकीचे शिपाई रजेवर येत होते, तुझ्या बापालाच यायचं नव्हतं. लढाई संपल्यावर ते आले, दुसरं लग्न केलं, तीन मुलगे झाले. आई मात्र आजोळीच वाढली. आजोबा कैदेत होते, असं धाकटे मामा एकदा म्हणाले होते. "थापा," आई म्हणाली आणि विषय संपला.

माझा नाही संपला. आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. ते म्हणाले, "मेडलांवर आघाडीचं नाव असतं, ते वाचा. बर्मा स्टार असेल तर गडी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता, रजेवर येऊ शकला असता. पॅसिफिक स्टार असेल तर सिंगापूर पडायच्या आधी तो तिकडे होता. आपले तिथले बहुतेक सगळे कैदेत गेले. मग कसली रजा आणि कसली पत्रं!"

म्हणजे एका शब्दाचं काम. पण आमच्या माणसांची कमाल अशी, की जमिनीची वाटणी झाली तेव्हा भांडी, बैल आणि मेडलंसुद्धा वाटली! तिघा भावांना एकेक. आई पडली मुलगी, तिला कोण विचारतो?

शहापूरला थोरल्या मामी राहतात. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. बाजारामागच्या घरात शिरले आणि मेडल कुठे आहे म्हणून विचारलं, तर त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट केलं. खंडोबाच्या शेजारी हळदीकुंकवाने माखलेला इंग्लंडचा राजा!

"मामी, हा कोण देव?"

"देव कशाला गो? मामंजींचा टाक हाय, त्यांच्या नावानं पुजतो. आंघोळ केल्याबिगर हात लावायचा नाय."

सकाळी नाशिकला केली होती, ती चालेना. केली पुन्हा, थंड पाण्याने. गोल मेडल, पुढे राजाचं मुंडकं, मागे सिंह. गावाचा, आघाडीचा पत्ता नाही. मामींनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. जेवण असं झालं, की थंड पाण्याचा राग गेला.

तिथून रिक्षाने आसनगाव. समोर माहुलीचे सुळके उन्हात लख्ख दिसत होते. मधल्या मामांचा मुलगा रोज मुंबईला नोकरीला जातो, त्या दिवशी नशिबाने सुट्टीवर होता. त्याने मेडल काचेच्या चौकटीत घालून टीव्हीच्या वर लावलंय. सहा टोकांचा पितळी तारा.

"बर्मा फ्रंट, ताई. आजोबांनी फुल्ल फायटिंग केलेली," तो छाती काढून म्हणाला.

म्हणजे आईचंच खरं? स्टुलावर चढून वाचलं. ताऱ्यावर फक्त लढाईची सालं होती. हा तारा जिकडेतिकडे लढलेल्या सगळ्यांनाच मिळायचा.

"अरे, बर्मा कुठे लिहिलंय? वाचलंस तरी का कधी?"

"टाइम कुठं भेटतो, ताई?" तो हसला आणि चहा ठेवायला गेला. उरला धाकट्या मामांचा वाटा, टोकावड्याला.

शहापूरहून मुरबाडकडे जायला किन्हवलीवरून रस्ता आहे. कंडक्टरला न विचारता मी एस.टी.त बसले आणि ती किन्हवलीलाच थांबली. पुढची गाडी केव्हा, ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. "उद्या जा की बाय, एवढी काय घाई हाय?" पानवाला म्हणाला. घाई होतीच. आईच्या वयाला उद्याचा भरवसा कोण देणार? शेवटी भेंडीच्या क्रेटांनी भरलेल्या टेम्पोला हात केला आणि ड्रायव्हरशेजारी बसून सरळगावला पोचले. तिथून जीप. भात कापून झालेली खाचरं, मळणीची खळी, आणि मागे सह्याद्रीची भिंत जवळ जवळ येणारी. एरवी मी डोळे भरून पाहिलं असतं, पण त्या दिवशी चित्त थाऱ्यावर नव्हतं.

मामा अंगणात होते. म्हसा गावची बैलांची जत्रा तोंडावर आलेली, बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं. आणि पांढऱ्या बैलाच्या कपाळावर, लोकरी गोंड्याच्या मधोमध, सोनेरी तैलरंगात ताजा न्हालेला तो तारा!

"मामा! मेडल रंगवलंत?"

"दरसाल रंगवतो. शिंगांबरोबर. बाच्या हातचा हाय तो, बैलाला शोभतो."

रंगाचे इतके थर चढले होते, की अक्षर म्हणून दिसत नव्हतं. मी खरवडायला मागितला तेव्हा मामा बिथरले. "जत्रेच्या तोंडावर बैलाचं कपाळ उघडं पाडतेस?" मग मी सुभेदारांचं म्हणणं सांगितलं. आईच्या मनात इतकी वर्षं काय आहे, तेही सांगितलं. मामांनी ब्रश खाली ठेवला. मग त्यांनी गोंडा सोडला, थिनरची बाटली आणली आणि स्वतःच चिंधीने घासायला बसले.

आधी मुकुट दिसला. मग 'द'. मग पुढची अक्षरं एकेक करून. मी मोठ्याने वाचलं, "पॅसिफिक."

"म्हंजे?"

"म्हणजे आजोबा येऊच शकत नव्हते, मामा."

मामा खाटेवर बसले. "काटेरी तारेच्या आत व्हतो, एवढंच बोलायचा बा. घराला कधी कडी लावू दिली नाय." मग एकदम उठले. "चल, आक्काला मीच दाखवतो."

"आणि जत्रा?"

"जत्रा दरसाल येते."

मुरबाड, कल्याण करत आम्ही नाशिकला पोचलो. मामांनी तारा आईच्या तळहातावर ठेवला आणि मी सगळं सांगितलं. आई अंगठ्याने अक्षरं चाचपत राहिली. मग तिने विचारलं, "माझी आई गेली, हे त्याला कुणी सांगितलं?"

मामा घुटमळले. "तूच, आक्का. बा थेट तुज्या आजोळी आला. तुमा दोघींना न्यायला. तू अंगनात खेळत व्हतीस. त्यानं इचारलं, आई कुठंय? तू बोल्लीस, मेली."

"मग?"

"मग काय नाय. तुला उचलली खांद्यावर आन् निघाला वावरातून. सांजपावतर फिरत ऱ्हायला, खाली ठेवलीच नाय. शेवटी तुज्या आजीनं मान्सं धाडून तुला परत नेली. तिनं मागनं तुला कधी दिलीच नाय. बानं मला एकदाच सांगितलं, भात लावताना."

आईने ताऱ्यावर मूठ मिटली. "ते फिरणं आठवतंय मला," ती म्हणाली. "कापलेलं भात, संध्याकाळ, आणि कुणाचं तरी डोकं घट्ट धरलेलं. जन्मभर मला वाटत आलं, की तो माझा मामा होता."