पायाखालचा पत्रा

खिडकीच्या गजांना गंज रोखणारा लाल रंग लावताना त्याच्या वासानं १९७५च्या आसपासचं, आमच्या कुरुंदा गावातल्या घराचं अंगण आठवलं. बाबा जुन्या मोटारीचा गंजलेला तळ दुरुस्त करत होते. दुसऱ्या दिवसापासून तीत भाड्यानं माणसं बसणार होती. बाबा भोकांत नुसता लांबीचा लगदा भरून वर रंग मारणार होते. मी अडून बसलो.

“गंज झाकून लोकांना बसवायचं न्हाई.”

“मग पत्रा आण की, पुढारी.”

मी आमच्या तरुण मंडळाचा पत्र्याचा फलक भिंतीवरून उतरवून आणला. बाबांनी तो कापून बसवला, तर ‘सगळी माणसं समान’ ही अक्षरं वर आली.

“उलटा करा, बाबा. लोक पाय देतील.”

“देऊ दे. पाटील बसो का सालदार, पाय तरी बराबरीनं पडतील.”

तेव्हा मी चिडलो. आता वाटतं, भिंतीवर असताना त्या फलकाकडं पाटलानं कधी पाहिलंही नव्हतं; मोटारीत चढताना मात्र त्याला वाकून तीच अक्षरं बघावी लागणार होती.