सर्वांसाठी खुला

समोरच्या सविताच्या नवऱ्याने तिचा मोबाईल जिन्यावर आपटला आणि टाचेने चिरडला. "फुकटचं शिकून कलेक्टर होणार काय?" असं ओरडत त्याने तिलाही भिंतीवर ढकललं. मी मध्ये पडले, तेव्हा तो शिव्या देत खाली उतरला. फुटक्या काचेखालून व्हिडिओतले अकाउंटिंगचे सर मात्र शांतपणे सांगत होते, "हा कोर्स सर्वांसाठी खुला आहे."

खरंच आहे. फी नाही, वयाची अट नाही. फक्त तासभर मार न खाता बसायला जागा लागते, ती कोर्ससोबत मिळत नाही.

तिला घरात घेतलं. काचा नंतर झाडू, आधी कपाळाला पट्टी.

"ताई, उद्या परीक्षा आहे माझी," ती म्हणाली.

मी माझा मोबाईल तिच्यापुढे ठेवला आणि दाराला आतून कडी घातली.