स्पीकरवरचा तळवा

कुंभकोणमला आमच्या कॉलेजात रॉक बँड आला होता. वेष्टी नेसलेले एक काका स्पीकरवर हात ठेवून, डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, देवळातल्या गाण्यासारखा इथंही ताल मोजतायत. मी शेजारी जाऊन स्पीकरवर बोटांनी ताल मोजत त्यांची नक्कल केली. पोरं खो-खो हसली.

काकांनी डोळे उघडले आणि चक्क मराठीत, इकडं तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्या घरच्या मराठीत म्हणाले, "बरी करतोस रे. पण बोटं नाचवू नको, तळवा सपाट ठेव. माझा डावा कान गेला, उजवाही चाललाय. नवा अल्बम आला की आता हातानं पाठ करतो. पुढं हातच राहणार."

मी तळवा सपाट ठेवला. ड्रम कोपरापर्यंत चढला. मी डोळे मिटले.

पोरं अजून हसत होती. त्यांना वाटलं, नक्कलच चाललीय.