कोकमांबरोबर वाळत घातलेली रेकॉर्ड

शनिवार, १० मे, दुपारी बारा वाजून वीस मिनिटं. रत्नागिरीजवळच्या एका होमस्टेच्या खळ्यात, वाळत घातलेल्या कोकमांच्या मधोमध, माझ्या भावाची रेकॉर्ड उन्हात पडलेली मला दिसली. तोवर तिची कड भाजलेल्या पापडासारखी वळली होती.

तिथे जायचं ठरवलं ते त्या होमस्टेची जाहिरात वाचून. जुनी रेकॉर्ड आणा, आमच्या प्लेअरवर सगळे मिळून ऐकू. माझा प्लेअर कधीचाच बंद पडलाय. रेकॉर्ड दोन. एक नव्वदच्या दशकातल्या इंग्रजी बँडची, दुसरी त्याच बँडच्या गायकाने पुढे एकट्याने केलेली. नावं लिहीत नाही, या प्रकरणात त्यांना ओढायला नको. दोन्ही माझ्या धाकट्या भावाने आणलेल्या. तो बोटीवर नोकरीला होता, आता हयात नाही.

कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी आम्हाला इंग्रजी शिकवलं ते प्रार्थनेचं. भाड्याच्या खोल्या, उसनी ऐट, लग्नाला न बोलावलेली माणसं, हे इंग्रजीत गाता येतं हे या बँडने शिकवलं. नंतर कितीजणांनी त्यांची नक्कल केली, पण तो तिरकसपणा कुणाला जमला नाही. गायकाची एकट्याची रेकॉर्ड वेगळीच. पियानो, खाली उतरलेला आवाज, टाळ्यांची घाई संपलेली. भाऊ म्हणायचा, "ताई, बँड तरुणांचा. हा माणूस आपल्या वयाचा."

शुक्रवारी खेडहून एसटीने निघाले. बायकांना अर्धं तिकीट, हाडं मात्र पूर्ण मोजली जातात, कारण हायवे अजून होतोच आहे. सावर्ड्याला उतरून चहा घेतला, बरा होता. रत्नागिरी स्टँडवरून रिक्षा करणार असाल तर भाडं आधी ठरवा. जांभ्याची खोली स्वच्छ, बांगडा ताजा, सोलकढीबद्दल तक्रार नाही. तक्रार मालकाबद्दल आहे.

मालक सुहास, मुंबईची नोकरी सोडून आलेला. शुक्रवारी संध्याकाळी बँडची रेकॉर्ड वाजली, पुण्याचं एक जोडपंही मन लावून ऐकत होतं. दुसरी शनिवारसाठी राखली. पावसाळ्यांमुळे तिच्या कव्हराला कुबट वास लागलाय, हे मीच बोलून गेले. ते सुहासच्या आईने ऐकलं. सकाळी मी समुद्रावर गेले असताना त्यांनी कव्हर आणि रेकॉर्ड दोन्ही उन्हात घातली.

"वास मारत होती ना बाय? म्हटलं, दोन उन्हं खाऊ देत," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी ती पदराने पुसली. त्यांच्यावर माझा राग नाही. त्या घरात कुबट झालेली प्रत्येक वस्तू याच खळ्यात बरी झालीय.

पण जेवताना पुण्याच्या मुलीने कौतुकाने मोबाइल पुढे केला. होमस्टेच्या पानावर सुहासने सकाळी दहालाच फोटो टाकला होता. लाल कोकमं, मधे काळी रेकॉर्ड, तेव्हा अजून सपाट. खाली दोन ओळींचं कौतुक, कोकणच्या उन्हाचं.

मी सुहासला जाब विचारला. तो म्हणाला, "मावशी, होतं असं. ऑनलाइन ऐकायला मिळतंच ना सगळं."

"तुझ्या आईचा आवाजही फोनवर मिळत होता. मग नोकरी सोडून घरी कशाला आलास?"

त्याने एक रात्र फुकट देऊ केली. मी घेतली नाही.

संध्याकाळी रेकॉर्ड लावून पाहिली. सुई कडेवरून उडत राहिली. आतल्या भागातलं शेवटचं गाणं तेवढं वाजलं. सुहासची आई दारात उभी राहून ते पूर्ण ऐकून गेली. सुहास मोबाइलवर बोलत होता.

आता खेडला परत आलेय. रेकॉर्ड कपाटात नीट बसत नाही, म्हणून टेबलावर आहे. जायचं असेल त्यांनी जावं, समुद्र छान आहे. आपलं सामान कुलपात ठेवावं.

सुहास, फोन करू नकोस. फोटो काढायला तू वाकलास, तेव्हा रेकॉर्ड हाताच्या अंतरावर होती. ती उचलून सावलीत का ठेवली नाहीस, याचं लेखी उत्तर मला शनिवार, ३१ मे, संध्याकाळी पाचच्या आत हवं आहे.